विणेकरणीची गोळी

रेवदंड्याहून अलिबागला जाताना लोक समुद्र बघतात. मी गेली चार वर्षं मुताऱ्या बघत होते. वाटेत एक हॉटेल आहे, तिथे चहा न घेता आत जाऊ देतात. दुसऱ्यात चहा घ्यावाच लागतो, आणि तो चहा पुढच्या हॉटेलची गरज निर्माण करतो. एका पेट्रोल पंपावरची चावी मालकाच्या कमरेला असते, म्हणून आधी मालक शोधावा लागतो. हा सगळा भूगोल मला पाठ होता. तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढताना एकदा माझा खडू आपोआप त्या हॉटेलापाशी थांबला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात हात वर होतो आणि पोरं विचारतात, "बाई, एकीला जाऊ?" मी मान हलवते. पण बाईंना एकीला जायचं असेल तर बाईंनी कोणाकडे बघून हात वर करायचा? पंचेचाळीस मिनिटांच्या तासात मी दोनदा "जरा ऑफिसातून खडू आणते" म्हणून जायची. खडूचे खोके कपाटात भरून राहिले होते, तरी माझे खडू संपतच होते.

जोर आला की आलाच. आधी निरोप नाही, पाचदहा मिनिटांची सवलत नाही. घराच्या दारात कुलपात चावी फिरवेपर्यंत नाच, आणि कोणी बादलीत पाणी सोडलं की तांडव. याची लाज वाटायची का? वाटायची. पण माझा स्वभावच असा की लाजेपेक्षा कुतूहल आधी उठतं. वाटायचं, अख्खं शरीर माझं ऐकतं, मग ही एक पिशवी स्वतःला कोण समजते?

असं सगळं असताना मी सप्ताहात वीणा धरायची पैज घेतली.

आमच्या गावात चैत्रात सप्ताह बसतो आणि हनुमान जयंतीला उठतो. सात दिवस देवळात वीणा अखंड वाजते. ती जमिनीला टेकवायची नाही. दर दोन तासांनी पहारा बदलतो. ज्याचा पहारा, त्याने वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, तारा छेडत नाम घ्यायचं. दोन तास बसायचं नाही, काही खायचं-प्यायचं नाही, आणि पुढचा माणूस समोर येऊन नमस्कार करून वीणा हातात घेईपर्यंत जागा सोडायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या पहारे पुरुषांचे. बायकांनी मागे बसून टाळ वाजवायचे आणि स्वयंपाक करायचा.

यंदाच्या सभेत आम्ही बायकांनी दुपारचा तीन ते पाचचा पहारा मागितला. त्या वेळेला पुरुष तसेही घरी झोपलेले असतात. बरीच वादावादी झाली. शेवटी मंडळाचे अध्यक्ष बोलले. ते नात्याने माझे चुलत सासरे, सगळं गाव त्यांना काका म्हणतं. पाच ते सातचा पहारा तीस वर्षं त्यांचाच.

"सात दिवस देतो," काका म्हणाले. "पण एक पहारा जरी मोडला, तर पुढल्या वर्षी मागायला यायचं न्हाय. कबूल?"

"कबूल!" आम्ही म्हणालो.

"पहिल्या दिवशी कोण उभं राहणार?"

आणि माझं तोंड, गावच्या नाटकांत कामं करून ज्याला टाळ्यांची सवय झाली आहे, ते बोलून गेलं, "मी!"

माझी धाकटी जाऊ शेजारी बसली होती. तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. "अगो, दोन तास! तू दोन आरत्या उभी राहत न्हाईस!"

म्हणून मी अलिबागला डॉक्टरीणबाईंकडे गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. गावातल्या बायका गुडघ्यासाठी डॉक्टरकडे जातात, डोळ्यासाठी जातात, या दुखण्यासाठी जात नाहीत. या दुखण्यासाठी पाणी कमी पितात. मीही तेच करत होते. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच वाक्यात ते मोडीत काढलं. "पाणी कमी प्यायलं की लघवी कडक होते आणि पिशवीला आणखी चाळवते. चहा कमी करा. पाणी नको." लघवी तपासली, साखर तपासली, सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते पाहिलं. डोळ्याला काचबिंदू आहे का विचारलं. "डोळ्याचा इथे काय संबंध?" मी विचारलं. त्या हसल्या. "सांगते. संबंध फार लांबलांबचे आहेत."

मूत्राशय म्हणजे स्नायूची पिशवी. ती भरली की मेंदू म्हणतो थांब, योग्य जागा मिळाली की म्हणतो आवळ. 'आवळ' हा निरोप नसांमधून एक रसायन घेऊन जातं. माझ्याकडे ते रसायन योग्य जागेची वाट न बघता दार वाजवत होतं. डॉक्टरीणबाईंनी जी गोळी लिहून दिली तिचं नाव ऑक्सिब्युटिनिन. ही त्या निरोप्याला पिशवीच्या दारात अडवते. "जुनी गोळी आहे," त्या म्हणाल्या. "आता नव्या आल्यात, त्यांचा त्रास कमी. पण ही अजून उपयोगाची आहे. मणक्याला मार लागलेले पेशंट, मणक्यात जन्मापासून दोष असलेली मुलं, त्यांच्या पिशवीचा ताबा सुटतो. त्यांनाही हीच देतात."

"मग त्रास कसला?"

"तोच निरोप्या दुसऱ्या घरांतही जातो ना! तोंडाला म्हणतो लाळ सोड, कातडीला म्हणतो घाम काढ, आतड्याला म्हणतो सरक, डोळ्याच्या बाहुलीला म्हणतो लहान हो. ही गोळी त्याला सगळीकडेच अडवते. तोंड कोरडं पडेल. पोट साफ होणार नाही. अक्षरं धूसर दिसतील. उन्हात जपायचं, कारण घाम कमी येईल."

मी खुर्चीच्या कडेवर आले होते. कोणी गुपित सांगायला लागलं की मी अशीच बसते. "आणि हे औषध आलं कुठून?"

"ही कारखान्यातली आहे. पण असंच काम करणारी द्रव्यं झाडांत असतात. धोतरा माहीत आहे ना?"

धोतरा! आमच्या शाळेच्या कुंपणाला पांढऱ्या कर्ण्यासारखी फुलं लागतात, आणि काटेरी फळ महाशिवरात्रीला देवाला वाहतात. माझी सासू सांगायची, धोतरा पोटात गेला की माणसाचं तोंड वाळतं, डोळे फाकतात आणि तो भिंतीशी बोलतो. म्हणजे सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंचं अर्धं व्याख्यान मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच दिलं होतं!

"घरी धोतऱ्याचे प्रयोग करू नका," डॉक्टरीणबाईंनी माझा चेहरा वाचला. "विष आहे ते. माणूस मरतो. आणि ही गोळीसुद्धा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. वयस्क माणसांचं डोकं गोंधळतं. पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी पूर्ण अडकू शकते. मग नळीच घालावी लागते." शिवाय त्यांनी मला व्यायाम शिकवला, लघवी रोखताना आवळतो ते स्नायू दिवसातून काही वेळा आवळायचे. तो मी तिथेच, त्यांच्या समोर, गंभीर चेहऱ्याने करून पाहिला. त्यांनी ओळखलं आणि त्यांनाही हसू आवरेना.

सप्ताहाला महिना होता. आधी अर्धी गोळी, मग पूर्ण. चौथ्या दिवशी मी रेवदंड्याहून अलिबागला गेले आणि पोहोचल्यावर माझ्या लक्षात आलं की वाटेत मी समुद्र बघितला! केवढा होता तो! चार वर्षांत मी त्याला विसरून गेले होते.

पण तोंड! शाळेत बिस्किट खाल्लं तर ते गिळवेना. टाळ्याला माती लिंपल्यासारखं बसलं. हजेरी घेताना जीभ वरच्या दातांना चिकटायची आणि सुटताना टक असा आवाज यायचा. पोरांना वाटलं बाई नवा खेळ शिकवतायत. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग टक टक करत होता. मला कुतूहल होतं म्हणून मी वहीत लिहून ठेवायला लागले. गोळी कधी घेतली, पिशवी कधी गप्प झाली, तोंड कधी वाळलं. साधारण तासाभरात दोन्ही हातात हात घालून येत होती. पिशवी गप्प आणि लाळ मात्र चालू, असा एकही क्षण मला सापडला नाही.

घरी पडवीत सराव केला. वीणा नव्हती म्हणून मुलाची जुनी बॅट गळ्यात दोरीने बांधली आणि दोन तास उभी राहिले. नवरा वाडीतून नारळ घेऊन आला, माझ्याकडे बघितलं, नारळ ठेवले आणि विचारलं, "किती झाल्या?"

"दीड तास."

"धावा म्हणतोय मी."

दीड तासानंतर पिशवी शांत होती. पण 'राम कृष्ण हरी' म्हणताना 'राम' निघायचा, 'हरी' निघायचा, मधला कृष्ण मात्र टाळ्याला चिकटून बसायचा. पाणी पिता येणार नव्हतं, खडीसाखर चघळता येणार नव्हती. पहाऱ्यात तोंडात काही ठेवायचं नाही म्हणजे नाही. गोळी घेतली नाही तर खालून फजिती, घेतली तर वरून.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, गोळी वाढवू नका, त्या दिवशी सकाळी भरपूर पाणी प्या, तीनच्या आधी जाऊन या, आणि पंख्याखाली उभ्या राहा. माझ्या जावेला हे कळल्यावर तिने दुसरी वाट काढली. "तू वीणा धर. नाम आमी घेतो. तुझा गळा बसला की मी उचलते, माझा बसला की दुसरी उचलेल. नाम तुटायला नको, एवढंच ना?"

पहिल्या दिवशी तीन वाजता मी वीणा गळ्यात घातली. मंडपावर पत्रे, वर चैत्राचं ऊन. बाकीच्या बायकांची पोलकी घामाने भिजली होती आणि मी कोरडी ठणठणीत, फक्त चेहरा तापलेला. जावेने टेबलफॅन माझ्याकडे वळवून ठेवला. साडेतीनला कोणीतरी देवळाच्या अंगणात नळ सोडला आणि पिंप भरायला घेतलं. पाण्याची ती धार! महिन्यापूर्वी मी वीणा टाकून पळाले असते. मी पिशवीच्या उत्तराची वाट बघत राहिले. उत्तर आलंच नाही. मला इतका आनंद झाला की मी तारा जरा जोरात छेडल्या आणि नाम उंच धरलं.

त्याच आनंदात तोंड बंद पडलं. जीभ हलेना. मी ओठ हलवत राहिले, आवाज नाही. जावेने लगेच नाम उचललं, बाकीच्यांनी साथ दिली. माझी बोटं तारांवर चालू होती. थोड्या वेळाने कुठूनसा ओलावा आला आणि मी पुन्हा त्यांच्यात मिसळले.

देवळाच्या खांबाला टेकून मंडळाचे सेक्रेटरी बसले होते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. मनगटावर घड्याळ, मांडीवर वही. ते काहीतरी लिहीत होते, ते मी बघितलं.

पाच वाजले. आता काका येणार, नमस्कार करणार, वीणा घेणार. काका आले नाहीत. पाच पाच. पाच दहा. तीस वर्षांत काका कधी मिनिटभर चुकले नव्हते. जावेने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दुसऱ्या कोणाला वीणा द्यायची नाही, ज्याचा पहारा त्यालाच. मी उभीच. पाय सुजले होते, पण पिशवी अजून झोपलेली होती. त्या गोळीवर मी मनातल्या मनात फुलं वाहत होते.

पाच पंचवीसला काका आले. हातपाय धुतलेले, धोतराचा काठ ओला. चेहरा पडलेला. नमस्कार करून वीणा घेतली. मी बाजूला होऊन पाणी प्यायले आणि तिथेच खांबाशी बसले.

वीस मिनिटांनी मला काकांचे पाय दिसले. एक पाय, मग दुसरा, मग पहिला. गुडघे जवळ. ओठ घट्ट. हा नाच मला माहीत होता! चार वर्षं माझ्याच घराच्या दारात मी तो नाचले होते.

मी उठले, समोर जाऊन नमस्कार केला. मोठ्याने म्हणाले, "काका, माझी हौस फिटली नाही. आणखी थोडी धरू?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. सासरा-सुनेत जे बोलायचं नसतं ते सगळं त्या बघण्यात होतं. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि देवळामागच्या शाळेकडे गेले. चालले नाहीत, गेले. परत आले तेव्हा मी वीणा परत दिली. कोणाला काही विचित्र वाटलं नाही. बायकांना हौस असते, हे गावाला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी मी वाडीत सुपारी गोळा करत होते तर काका कुंपणापाशी आले. इकडे तिकडे बघितलं.

"सूनबाई, तुझी जाऊ म्हणत होती, तू कसली गोळी घेतेस."

"हो, काका."

"एक दे."

मला काय मोह झाला! गावाचे अध्यक्ष, आमच्या पहाऱ्याचा निकाल ज्यांच्या हातात, ते कुंपणाशी उभे राहून माझ्याकडे एक गोळी मागत होते. एका गोळीत सगळं गाव खिशात! पण मला डॉक्टरीणबाईंची नळी आठवली.

"काका, देता येणार नाही. पुरुषांचं वेगळं असतं. प्रोस्टेट वाढलेली असेल तर या गोळीने लघवी अडकेल. आधी तपासून घ्या. मी येते तुमच्याबरोबर."

"मला डाक्टरकडे नेतेस? सुनेच्या बरोबर? यासाठी?"

"मग काकूंबरोबर जा."

"म्हणजे देणार न्हाईस."

"नाही."

काका गेले. पाठ ताठ करून गेले. पुढल्या वर्षीचा पहारा गेला, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

पुढचे सहा दिवस बाकीच्या बायकांनी पहारे केले, एकही मोडला नाही. काल्याचं कीर्तन झालं, जेवणं झाली, आणि सभामंडपात पुढच्या वर्षीचे पहारे ठरवायला सगळे बसले. पुरुष पुढे, आम्ही खांबापाशी.

सेक्रेटरींनी वही उघडली. "पहिल्या दिवशीचा बायकांचा पहारा," ते म्हणाले, "तीन अडतीस ते तीन चव्वेचाळीस, बाईंचं तोंड बंद होतं. नाम घेतलं न्हाय. सहा मिनिटं." त्यांनी चष्मा काढला. "म्हणजे पहारा मोडला."

मंडपात कुजबुज झाली. माझी जाऊ उठायला निघाली, मी तिला खाली ओढलं. काय सांगायचं होतं? माझी लाळ कुठे गेली होती ते? मी गावासमोर नाटकाचे प्रयोग करणारी बाई, पण पन्नास पुरुषांसमोर हा प्रयोग माझ्याही आवाक्याबाहेरचा होता.

काकांनी घसा खाकरला. "वीणा वाजत होती का?"

"वाजत होती."

"टाळ?"

"होता."

"नाम कोण घेत होतं?"

"बाकीच्या बाया."

"मग मोडलं काय?" काका म्हणाले. "बरं, ते ऱ्हाऊ दे. तुझं घड्याळ बरोबर हाय. पाच ते पाच पंचवीस काय लिहिलंयस?"

सेक्रेटरी वही चाळायला लागले. "ते... ते लिहिलेलं न्हाय."

"का न्हाय? पहारा माझा होता. मी न्हवतो. वीणा हिनं धरली. पुन्हा पावणेसहाला हिनंच धरली, हौस म्हणून न्हवे." काका थांबले. त्यांच्या मानेपर्यंत लाली चढली होती. "मी शाळेच्या मागं संडासात होतो. मला लघवीचा त्रास हाय. गेल्या दिवाळीपासून. दर तासाला जावं लागतं आणि गेलं तरी होत न्हाय. आता लिही. कुणाचा पहारा मोडला ते लिही."

पुढच्या रांगेतले म्हातारे सगळे एकदम आपापल्या पायाचे अंगठे बघायला लागले. मग त्यातल्या एकाने, आमच्या वाडीच्या पलीकडच्या आजोबांनी, हळूच विचारलं, "काका, धार बारीक झालीय का?"

"झालीय."

"माझी पण."

"रात्री किती येळा?" तिसऱ्याने विचारलं.

त्यानंतर किती तरी वेळ सप्ताहावर कोणीच बोललं नाही. मला शेवटी खांब सोडून पुढे यावं लागलं. सगळ्यांना सांगावं लागलं की माझी गोळी कोणालाही मिळणार नाही, पुरुषांनी आधी तपासून घ्यायचं, धोतरा-बिरा तर अजिबात नाही. एका आजोबांनी विचारलं, तोंड वाळतं म्हणजे नेमकं किती, आणि मी जीभ टाळ्याला लावून टक असा आवाज काढून दाखवला. मंडप हसला. काका हसले नाहीत, पण मिशी हलली.

सेक्रेटरींनी वहीत खाली मान घालून लिहिलं: तीन ते पाच, महिला. मग पेन हातात तसंच धरून ते काकांकडे बघत राहिले.

"पाच ते सात माझंच लिही," काका म्हणाले. "आणि माझ्या पुढं आणखी एक नाव लिही. जोडीला. मी बाहेर गेलो तर वीणा धरायला." ते माझ्याकडे वळले. "आणि सूनबाई, ती अलिबागची गाडी सकाळी किती वाजता?"

"साडेनऊला," मी म्हणाले. "काकूंना नको सांगायला. मीच येते."